धबधब्याचा खोकला

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. झाडं त्याच्या आधीपासून होती, पण विद्यापीठासाठी ती जरा बाजूला सरकवली होती.

तिथे रेवा नावाची तरुण मुंगशी संशोधक म्हणून लागली. समुद्रापलीकडे शिकून ती परत आली होती. जंगलातली खोकल्याची साथ आपणच थांबवायची, असं तिने परतीच्या विमानातच ठरवलं होतं. पद तात्पुरतं होतं. उत्साह मात्र कायमचा होता.

तिने एका यंत्राला शिकवायचं होतं. नुसता खोकला ऐकून यंत्राने सांगायचं, प्राणी आजारी की निरोगी. आजारी ठरेल त्यालाच औषध. थोड्याच दिवसांत यंत्र सहसा चुकेना. विभागप्रमुख अस्वलसरांनी शोधनिबंध पाठवला आणि सत्काराची शालही निवडून ठेवली.

मग यंत्र कुरणात नेलं, तेव्हा तिथले सांबरकाका पुढे आले. खोकून खोकून त्यांची शिंगं हलत होती.

"निरोगी," यंत्र म्हणालं.

"म्हणजे औषध नाही?"

"यंत्र सांगतंय ना, काका!" शिपाई कोल्हा खेकसला. "तुमचं शिक्षण किती?"

रेवाला राहवेना. तिने यंत्राला शिकवलेले सगळे खोकले पुन्हा ऐकले आणि कपाळावर हात मारला. आजाऱ्यांचे खोकले दवाखान्यात टिपले होते, धबधब्याला लागून. निरोग्यांचे टिपले होते शांत कुरणात. यंत्र खोकला ऐकतच नव्हतं. ते पाणी ऐकत होतं!

ती धावत सरांकडे गेली. "सर, याला पुन्हा शिकवावं लागेल."

"अगं, उद्या महाराज उद्घाटनाला येताहेत."

"आणि सांबरकाका?"

"निबंध छापून येऊ दे. मग बघू."

उद्घाटन दवाखान्यातच झालं. सिंहमहाराज मानाचा पहिला खोकला खोकले.

"आजारी," यंत्र म्हणालं.

रेवा उठली आणि तिने खरं काय ते सांगून टाकलं. सरांनी घाम पुसला.

"ऐकलंत, महाराज? आमच्या विभागाने सिद्ध केलंय, रोग धबधब्यात आहे! दवाखाना कुरणात हलवा."

दवाखाना हलला. महाराज पुन्हा खोकले. निरोगी! त्यांच्यामागून जो जो खोकला, तो तो निरोगी. साथ संपली. औषधाचं कोठार बंद झालं. सरांना शाल मिळाली.

"साथच नाही, तर तुझी जागा कशी ठेवू, बाई?" सर हळहळले.

रेवा थेट सांबरकाकांकडे गेली. ते खोकतच होते.

"काका, अजून?"

"असू दे गं पोरी. सरकारदरबारी मी बरा आहे. हा खोकला आता माझा खाजगी."

रेवाने त्यांच्या छातीला कान लावला. आत काय चाललंय, ते तिला लगेच कळलं. ती उठली आणि औषधाची मुळी खणायला स्वतःच रानात शिरली.

तात्पर्य : छातीला कान लावला की रोग कळतो आणि नोकरी टिकत नाही. म्हणून, बाळांनो, मोठं व्हायचं असेल तर रोग्यापासून लांब बसून संशोधन करावं.