अडीचशे ग्रॅमची शिवी

गेनूभाऊंनी माझ्याकडे आणलेली पहिली इंग्रजी शिवी अडीचशे ग्रॅमची निघाली. वजन त्यांनीच केलं. मी फक्त अर्थ सांगितला, तोही नाइलाजाने आणि पुढचं दार लोटून घेऊन.

हे वाचून माझ्याबद्दल गैरसमज नको. मी एकतीस वर्षं लोणावळ्यात शाळेत इंग्रजी शिकवलं. व्याकरण, निबंध, रजेचा अर्ज. एवढ्या वर्षांत वर्गात माझ्या तोंडून 'नॉनसेन्स'च्या वरचा शब्द गेला नाही, आणि तोही गेला की मुलं आठवडाभर त्याचीच चर्चा करायची. निवृत्त झाल्यावर जरा शांतपणे राहावं म्हणून वलवणला आले, तर शेजारी हे गृहस्थ.

गेनूभाऊ चाळीस वर्षं लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या दुकानात काट्यावर उभे होते. गिऱ्हाईक 'अर्धा किलो शेंगदाणा' म्हणायचं, भाऊ हाताने माल उचलून काट्यावर टाकायचे आणि तो अर्धा किलोच भरायचा. दुकान सुटलं, हाताची सवय काही सुटली नाही. माझ्याकडून वाटीभर साखर नेली तरी तळहातावर जोखून "दीडशे हाय, बाई" म्हणतात. माझं मांजर त्यांनी उचलून तीन किलो दोनशे सांगितलं. माझी धाकटी बहीण आली होती तेव्हा तिच्याकडे बघून त्यांनी आकडा सांगायला तोंड उघडलं, तशी मी घाईघाईने विषय बदलला.

आणि हा माणूस स्वतः कधी शिवी देत नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की पंचशील म्हणायचं आणि दिवसभर जीभ सांभाळायची. दुकानात एकदा त्यांच्या पायावर गुळाचा उकळता पाक सांडला. "तुज्या..." एवढं ओरडून ते थांबले. सगळं दुकान कान टवकारून उभं. एवढा राग एवढ्या वर्षांनी बाहेर येणार होता! भाऊंनी दात आवळले आणि म्हणाले, "...मामाला नमस्कार सांग." तेव्हापासून तीच त्यांची शिवी. भाजी करताना गॅस संपला की गॅसच्या मामाला नमस्कार, वीज गेली की विजेच्या मामाला नमस्कार.

अशा माणसाला इंग्रजी शिव्या कशाला हव्या होत्या, तर सुजातासाठी.

सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई ती सातवीत असताना गेली. माझीच विद्यार्थिनी, अक्षर मोत्यासारखं. ती पुण्याच्या एका कंपनीत आहे. परदेशातलं कुठलंसं दुकान लोकांना घरपोच सामान पाठवतं, त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन ही घेते. पार्सल आलं नाही, कपाचा कान तुटला, मोजे भलत्याच रंगाचे निघाले, असल्या तक्रारी. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. त्यांच्या घरात नेट नाही, माझ्याकडे आहे, म्हणून ती दुपारपासून माझ्या जेवणाच्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसते. चार वाजता भाऊ कुंपणाच्या फटीतून चहाचा थर्मास घेऊन येतात. मला तिच्या तोंडून 'सॉरी सर, आय अंडरस्टँड' एवढंच ऐकू येतं, तेही दिवसातून शंभरदा.

संध्याकाळी काम संपलं की भाऊ विचारायचे, "काय म्हनली गं मान्सं?"

"काय म्हणणार आबा? थँक्यू म्हणाली. आज नऊ थँक्यू."

भाऊ खूश. बापलेक घरी जायचे.

एके दिवशी सुजाता हेडफोन टेबलावर ठेवून पाणी प्यायला उठली. भाऊ कपात चहा ओतत होते आणि हेडफोनमधून एक माणूस ओरडत होता. भाऊंना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी तो शब्द डोक्यात जसाच्या तसा धरून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या जुन्या वहीत लिहून माझ्यासमोर धरला. 'ब्लडी.'

"बाई, ह्ये काय हाय?"

मी म्हटलं, "म्हणजे... त्याला घाई झालीय असं."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. "बाई, चिक्कीत गूळ किती पडलाय ते मला नुसतं बघून कळतं. खरं सांगा."

सांगितलं. काय करणार? त्यांनी डोळे मिटले, तळहात जरा खालीवर केला आणि म्हणाले, "पाव किलो धरू." वहीत लिहिलं.

त्या दिवसापासून माझा क्लास सुरू झाला. त्यातच सुजाताने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, आबांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांना वाटतं मी खुर्चीत बसून साहेबी करते. तीन महिन्यांनी मला टीम लीडर करणारेत. मग फोन घ्यावेच लागणार नाहीत. तेवढे तीन महिने काढायचेत." आणि इकडे भाऊ म्हणत होते, "बाई, मला समजतंय ह्ये पोरीला कळू देऊ नगा. उगं लाजंल माज्यासमोर." दोघांची गुपितं सांभाळता सांभाळता माझी पुरती त्रेधा उडाली.

वही भरत गेली. स्टुपिड, पन्नास ग्रॅम. इडियट, शंभर. बास्टर्ड, अर्धा किलो. ते चार अक्षरी जे आहे, ते मी तोंडाने उच्चारलं नाही, कागदावर लिहून दाखवलं आणि कागद फाडून टाकला. एक किलो. त्यात कुणाची आई आली की पाच किलोची गोणी.

पण भाऊ इथेच थांबणारे नव्हेत. त्यांचा मेव्हणा लोहगडवाडीत लिंबू सरबताचा ठेला लावतो. भाऊ रविवारी तिथे जाऊन बसायला लागले, गडावर जाणाऱ्या पोरापोरींचं इंग्रजी ऐकायला. एकाचा पाय घसरला आणि त्याने ते किलोवालं म्हटलं. भाऊ वही घेऊन धावले. "काय म्हनला दादा? परत एकदा बोला." तो बिचारा इतका ओशाळला की चार वेळा सॉरी म्हणून दोन ग्लास सरबत पिऊन गेला.

तिथून भाऊ परत आले ते गोंधळून. "बाई, काटा चुकतोय. तिकडं पोरं त्योच शबुद एकमेकांच्या गळ्यात हात टाकून म्हंत्यात. हासत्यात. आन् हिच्या फोनवर त्योच किलोनी लागतो. असं कसं?"

मी समजावलं की शब्द तोच असला तरी कोण, कुणाला, कुठल्या आवाजात म्हणतो त्यावर आहे. मला वाटलं आता अर्धा तास जाणार. पण त्यांना चटकन पटलं.

"म्हंजे खोक्यासारखं! आमी मालाचं वजन करताना खोक्याचं वजन वजा करायचो. खोकं येगळं, माल येगळा. शबुद नुसतं खोकं हाय. माल आवाजात हाय."

एकतीस वर्षांत मला हे कुठल्या मुलाला इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं. मी त्यांना त्या दिवशी जास्तीची भजी वाढली.

मग मला एक भलतंच कानावर यायला लागलं. सकाळी कढीपत्त्याच्या झाडासमोर उभे राहून भाऊ सराव करत होते. "यू ब्लडी इडियट, सर." पुन्हा, "यू बास्टर्ड, सर." आवाज असा, की जणू गिऱ्हाइकाला काजू चिक्कीचा तुकडा चाखायला देतायत. मी कुंपणापाशी जाऊन म्हटलं, "भाऊ, शिवीत 'सर' नसतं."

"मोठ्या मान्साला तसंच कसं म्हनायचं? आन् खरं सांगू का, तोंडात काईच वाटत न्हाई. आपली असती तर घशात अडकली असती. ही फुटाण्यागत भाईर येती." मग आवाज उतरवून म्हणाले, "एक दिवस मी बोलनार हाय त्यांच्याशी. लय झालं आता."

मी घाबरले. "भाऊ, ते फोन रेकॉर्ड होतात. तुम्ही एक शब्द बोललात तर पोरीची नोकरी जाईल. थोडेच दिवस राहिलेत."

"ठाव हाय," ते म्हणाले. पण वही खिशातच ठेवली.

आणि तो दिवस आलाच. जानेवारीतला मंगळवार. सुजाता टेबलाशी, मी पलीकडे कोथिंबीर निवडत. कुणीतरी तिला दहा मिनिटं सलग झोडपत होतं. ती 'आय अंडरस्टँड सर' म्हणत होती, म्हणता म्हणता तिचा आवाज फाटला. हेडफोन काढून ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडला. फोन म्यूट करायचंही तिला भान राहिलं नाही. नेमके तेव्हाच भाऊ थर्मास घेऊन आत आले. मोकळी खुर्ची, वाजणारा नळ, टेबलावर ओरडणारा हेडफोन. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी थर्मास ठेवला आणि हेडफोन डोक्यावर चढवला.

मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन तशीच उभी. ओरडावं तर तेही पलीकडे ऐकू जाईल.

"हॅलो, सर," भाऊ म्हणाले.

पलीकडून जे यायचं ते आलं. भाऊंचा उजवा हात काट्यावर माल पडावा तसा हळूहळू खाली जात होता. अर्धा किलो. किलो. गोणी. मग तो थांबला. भाऊ ताठ झाले, चेहरा लाल. एवढ्या महिन्यांचा सराव त्यांच्या ओठांवर होता. "सर. यू..." मी डोळे मिटून घेतले. गेली पोरीची नोकरी!

"यू... युवर मामा. टेल हिम नमस्ते."

मी डोळे उघडले. पलीकडे सगळं शांत झालं होतं. भाऊंनी खिशातून वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि म्हणाले, "नाऊ टेल, सर. स्लो. व्हॉट नॉट कम?"

सुजाता ओल्या तोंडाने धावत आली तेव्हा ते वहीत लिहीत होते. 'केटल. लाल. न्हाई आली.' तिने हेडफोन ओढून घेतला. पलीकडचा आवाज आता साधा, माणसासारखा झाला होता. दोन मिनिटांत केटलचं काम झालं. शेवटी त्याने विचारलं म्हणे, मघाशी कोण बोलत होतं? सुजाता म्हणाली, "माझे सीनियर, सर."

हसायला येतं, पण ते सगळं रेकॉर्ड झालं होतं. पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला पुण्याच्या ऑफिसात बोलावून घेतलं. नोकरी राहिली, पण ताकीद मिळाली आणि टीम लीडरचं सहा महिने पुढे गेलं. म्हणजे आणखी सहा महिने तेच फोन, तीच माणसं. परतल्यावर घरी जायच्या आधी ती माझ्याकडे आली.

"बाई, आबांना सगळं कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी त्यांना रोज थँक्यू मोजून सांगत होते," एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. दोन दिवस जेवले नसावेत असा चेहरा. वही माझ्यापुढे ठेवली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, बाई. म्या घात केला पोरीचा. सहा म्हयने वाढवलं तिचं."

मी उगाच चाळायला घेतली. पुढून शिव्या आणि त्यांची वजनं. मागून उघडली तर दुसराच हिशेब. वर 'थँक्यू' असं लिहिलेलं, खाली रोजची तारीख आणि आकडा. नऊ. सात. बारा. दिवाळीत एकदा एकवीस. एकही दिवस गाळलेला नव्हता. वजनाचा रकाना मात्र पहिल्यापासून कोरा.

"भाऊ, हे आकडे ती मनाने सांगत होती, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय. तिच्या आवाजावरनं कळायचं की."

"मग लिहून कशाला ठेवलेत?"

भाऊ माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू इतके दिवस शिकवून मलाच काही समजलेलं नाही. "बाई, दिसभर बोलनी खाऊन दमलेली पोर माज्यासाटी बसून आकडा जुळवायची. आज सात सांगू का नऊ, आबाला बरं वाटंल का, असं. खोकं खोटं हाय, बाई. माल खरा हाय." एवढं बोलून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. माझेही भरून आले, आणि मी ते लपवलं नाही. वही त्यांच्या खिशात परत कोंबली.

त्या संध्याकाळी सुजाताचं काम संपलं. भाऊ उंबऱ्याशी बसले होते, पण नेहमीचा प्रश्न विचारायची त्यांची छाती होत नव्हती. तीच लॅपटॉप मिटून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आबा, लिहा. आज दोनच थँक्यू."

भाऊंनी मान वर केली.

"आणि तीन पाव किलोच्या. एक अर्ध्या किलोची."

"अर्ध्या किलोची व्हय?" भाऊंनी जपून विचारलं. "मग? तू काय म्हनलीस?"

"सॉरी सर म्हटलं." सुजाताने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आणि मनातल्या मनात त्याच्या मामाला नमस्कार सांगितला."

भाऊंनी वही मागून उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि तारीख घालून 'दोन' लिहिलं. मग पेन्सिल तशीच हातात धरून त्यांनी दुसरा तळहात पुढे केला, डोळे मिटले आणि त्या दोनाचं वजन करत बसले.