मास्तरांच्या अकरा चिठ्ठ्या

गुरुवारी सकाळी टपाल कचेरीतल्या कारकुनाच्या बायकोने नवऱ्याचा करडा कोट शिंपीमास्तरांच्या टेबलावर आपटला, तेव्हा मास्तरांच्या तोंडात चार टाचण्या होत्या.

"ही कोण?" तिने विचारलं.

मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. "कोट," ते टाचण्यांच्या फटीतून म्हणाले.

"कोट दिसतोय मला! हे लिहिणारी कोण? काल तुमच्याकडून बाह्या लहान करून आणला. आतल्या खिशात हे निघालं. ऐका." तिने चिठ्ठी उलगडली आणि रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, "'तुझं सगळं मला ठाऊक आहे. तरीही माझं तुझ्यावर प्रेम आहे. अजून किती वाट पाहू? रविवारी सकाळी दहा वाजता ये. पाण्याच्या टाकीमागे, निळं दार.' आता बोला! तुमच्याकडे दहा बायका येतात. कोणाचं अक्षर आहे हे?"

अक्षर मास्तरांचं होतं. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीला लावायला सुरुवात केली. तिसरी निघाली तोवर बाई कोट उचलून दारात पोचल्या होत्या.

"रविवारी मी स्वतः जाते. दहाच्या ठोक्याला. आणि हा बसेल घरी पोरं सांभाळत!"

चौथी टाचणी निघाली तेव्हा दुकानात मास्तर एकटेच होते.

झालं होतं ते असं. टाकीमागच्या त्या निळ्या दाराआड एक लहानसं चर्च होतं आणि मास्तर वीस वर्षं तिथे जात होते. मागल्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं होतं, की आपला विश्वास आपण कुलूप लावून ठेवतो. या महिन्यात प्रत्येकाने निदान एका शेजाऱ्याला प्रभूबद्दल सांगावं. मंडळीने माना डोलावल्या. मास्तरांनीही डोलावली आणि आपण काय कबूल केलं, ते त्यांना घरी पोचल्यावर कळलं.

मास्तरांना बोलणं जमत नसे. 'खांद्यात सैल ठेवू का?' आणि 'शनिवारी न्या' या दोन वाक्यांवर त्यांचा सगळा धंदा चालत असे. तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या लिहायचं ठरवलं. दुरुस्तीला आलेल्या कपड्यांत सरकवायच्या, म्हणजे तोंड उघडायला नको. खाली देवाचं नाव घालायला हात उचलला होता, पण ते नाव रुमाल आणि सुपारीच्या चुऱ्यात चोळामोळा होईल, हे त्यांना बरं वाटेना. आणि 'चर्च' लिहिलं तर लोक वाचण्याआधीच फेकतील. वाक्यं अशी आहेत, की बोलणारा कोण ते माणसाला आपोआप कळेल, असं त्यांना वाटलं. सोमवार ते बुधवार त्यांनी अकरा चिठ्ठ्या अकरा खिशांत घातल्या आणि बायकोला काही सांगितलं नाही.

दुपारच्या सुटीत कारकून आला. त्याने सकाळी दाढीही केलेली नव्हती.

"मास्तर, मी आयुष्यात कधी पाण्याच्या टाकीकडे फिरकलो नाही हो!"

मास्तरांनी धीर करून सगळं सांगितलं. कारकून ऐकत राहिला, मग त्याने कपाळाला हात लावला. "हे मी तिला सांगू? ती म्हणेल, मास्तरालाही फितवलास. तुम्हीच चला."

मास्तर गेले. कारकुनाच्या बायकोने दार वीतभर उघडलं, मास्तरांच्या मागे उभा असलेला नवरा पाहिला आणि म्हणाली, "लाज नाही वाटत? वयाने मोठे तुम्ही, आणि असल्या माणसासाठी खोटं बोलता? तेही देवाचं नाव घेऊन?" दार बंद झालं. देवाचं नाव मास्तरांनी चारचौघांत पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि ते खोटं ठरलं होतं.

शुक्रवारी दाताचे डॉक्टर आले. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा मास्तरांनीच शिवून दिला होता. डॉक्टरांनी आत येऊन दार लोटलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मास्तर, हा कोट तुमच्याकडे असताना इथे हार्डवेअरवाला आला होता का?"

"नाही. का?"

"काही नाही. आता काही नाही." डॉक्टर खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. "सहा वर्षांपूर्वी मी त्याची चुकीची दाढ काढली. चांगली दाढ! पुढच्या आठवड्यात दुखरी काढली आणि सांगितलं, की दोन्ही किडल्या होत्या. परवा खिशात चिठ्ठी मिळाली, 'तुझं सगळं मला ठाऊक आहे.' मला वाटलं, त्याला कळलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून त्याच्या दुकानात गेलो आणि कबूल करून टाकलं."

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"त्याला काहीच माहीत नव्हतं! खिळे मोजत होता, मोजतच राहिला. मग म्हणाला, डॉक्टर, इतकी वर्षं तुम्ही रस्त्यात मला बघून पलीकडे जायचात, मला वाटायचं माझंच काही चुकलं." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पण मग ही लिहिली कोणी? रविवारी जाऊन बघतो. तो पण येतोय."

मास्तरांनी तोंड उघडलं. डॉक्टर उठून गेले. मास्तरांनी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत बाजारात चर्चा झाली होती, की पाण्याच्या टाकीमागे कोणीतरी बाई राहते आणि तिला गावाची सगळी अंडीपिल्ली ठाऊक आहेत. ती चर्चा मास्तरीणबाईंनी भाजीबरोबर घरी आणली. सांगता सांगता निळ्या दाराशी आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी सगळं सांगून टाकलं.

"देवाच्या वतीने लिहायला बसलात," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि त्याचंच नाव वगळलंत?"

"संकोच वाटला गं."

"त्याचा की लोकांचा?"

मास्तर पिशवीतली भाजी काढू लागले.

"कोणाकोणाच्या खिशात घातल्या, सांगा बघू."

मास्तर बोटं मोजू लागले. कारकून, डॉक्टर, शाळेतल्या मुख्याध्यापिका, बेकरीवाला, न्हावी... दहाव्या बोटावर ते थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"बसड्रायव्हरचा ओव्हरकोट."

"कुठल्या बसड्रायव्हरचा?"

"गेला तो. आठ महिने झाले. त्याच्या बायकोने आणला होता. म्हणाली, कपाटात नुसता लटकतोय, मला बसेल असा करून द्या. मी बाह्या लहान केल्या, खांदे आत घेतले. आणि खिशात..."

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. दोघांच्याही मनात तीच चिठ्ठी वाचली जात होती, मेलेल्या नवऱ्याच्या खिशातून निघालेली. माझं तुझ्यावर प्रेम आहे. अजून किती वाट पाहू? ये.

"एकटी असते ती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उजाडल्याबरोबर जा. बाकीच्यांचं नंतर बघू."

शनिवारी सकाळी सातला मास्तर त्या बाईच्या जिन्यावर उभे होते. तीन मजले चढताना त्यांनी पाच वाक्यं जुळवली होती. दार उघडलं. बाई समोर उभी होती, केस विंचरलेले, अंगात तोच ओव्हरकोट. मागे खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. मास्तर पाचही वाक्यं विसरले.

"मास्तर? या ना आत. खांदा जरा दाटतोय, पण चालेल."

"बाई, ती चिठ्ठी," मास्तर उंबऱ्यातच म्हणाले. "खिशातली. ती त्यांची नाही. मी लिहिली. माझी चूक झाली. मला क्षमा करा."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने नवऱ्याच्या कोटाच्या बाहीला पुसलं.

"अहो, तेवीस वर्षं संसार केला मी. त्यांचं अक्षर मला ओळखू येणार नाही? आणि 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं तो माणूस मेल्यावरही लिहायचा नाही. फार फार तर 'रॉकेल आण' लिहील." तिने खुर्ची पुढे केली. "तुमची पावती आहे माझ्याकडे. 'शनिवारी न्या' मधला 'श' आणि चिठ्ठीतला 'तुझं' मधला 'झ', दोन्हींच्या शेपट्या सारख्याच. मला पहिल्याच ओळीत कळलं."

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि लगेच दुसरा चढला. "म्हणजे तुम्हाला वाटलं, की मी..."

"छे हो! तुमच्या चेहऱ्याचा माणूस असलं काही करत नाही. निळं दार मला माहीत आहे. बस तिथूनच जायची, हे हॉर्न वाजवायचे नाहीत, आत गाणं चाललेलं असतं म्हणून." ती समोर बसली. "आठ महिन्यांत लोक येऊन गेले, धीर धर म्हणाले. कोणी कुठे बोलावलं नाही. म्हणून चिठ्ठी जपून ठेवली. पण एक विचारायचं होतं. 'सगळं मला ठाऊक आहे' असं तुम्ही देवाच्या वतीने लिहिलंत. त्याला ठाऊक आहे, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?"

इतका सरळ प्रश्न मास्तरांना कोणी केला नव्हता. पाळकसाहेबांची वाक्यं त्यांना पाठ होती, पण ती इथे चालणार नाहीत हे त्यांना कळत होतं. त्यांनी स्वतःच्या बोटांवरच्या सुईच्या खुणांकडे पाहिलं.

"आमची मुलगी गेली," ते म्हणाले. "चार दिवसांची होती. मी वर्षभर देवाशी अबोला धरला. चर्चमध्ये जायचो, बायको न्यायची म्हणून. मागच्या बाकावर बसायचो. गाणं नाही, प्रार्थना नाही. नुसता राग. एका रविवारी मनात आलं, की वर्षभर मी रागावलोय तो कोणावर? रोज सकाळी उठून ज्याच्याशी भांडतोय, तो तर माझ्या शेजारीच बसलाय. उठून गेला नाही. एवढंच मला माहीत आहे, बाई. यापुढचं मला सांगता येत नाही."

बाईने उठून चहा ठेवला. दोघांनी तो उघड्या खिडकीशी बसून घेतला.

रविवारी दहाला पाच कमी असताना चर्च भरलं. मास्तरांनी आदल्या दिवशी उरलेल्या सगळ्या घरांत जाऊन खरं सांगितलं होतं. मुख्याध्यापिकांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या होत्या, आणि तरीही त्या आल्या होत्या. डॉक्टर आणि हार्डवेअरवाला एका बाकावर होते. पाळकसाहेब नवे चेहरे पाहून इतके गहिवरले, की गाण्याचा क्रमांक दोनदा चुकीचा सांगितला.

दहाच्या ठोक्याला कारकुनाची बायको आत आली. हातात छत्री होती आणि बाहेर लख्ख ऊन. तिने एकेक बाक डोळ्यांखालून घातला. तिसऱ्या बाकावर एक अनोळखी, सडसडीत बाई एकटीच बसली होती, अंगात पुरुषाचा ओव्हरकोट. कारकुनाच्या बायकोची नजर त्या कोटावर खिळली आणि ती तरातरा निघाली. मास्तर मधे पडायला उठले, पण त्यांच्या बाकावर सात माणसं होती आणि ते भिंतीकडच्या टोकाला होते.

"कोणाची वाट पाहताय?" तिने छत्री टेकवून विचारलं.

"नवऱ्याची पाहत होते," बाई म्हणाली. "बरेच दिवस."

"कोणाच्या नवऱ्याची?"

बाईने चमकून वर पाहिलं. "माझ्या. आठ महिन्यांपूर्वी गेला. हा त्याचाच कोट."

गाणं सुरू होणार होतं. सगळं चर्च उभं राहिलं. कारकुनाच्या बायकोने छत्री बाकाखाली सरकवली आणि तिथेच, त्या बाईच्या शेजारी उभी राहिली. गाणं तिला येत नव्हतं. अर्ध्यावर बाईचे खांदे हलू लागले, तेव्हा तिने तिचा हात धरला, आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही. मास्तरांनी पाळकसाहेबांच्या प्रवचनातला एक शब्द ऐकला नाही.

सोमवारी दुकान उघडलं तर कारकून पायरीवर बसलेला.

"मास्तर, काल बायको तीन वाजता घरी आली. तीन! पोरांना मी जेवायला घातलं. कुठे होतीस विचारलं, तर म्हणते, चहा घेत होते. कोणाबरोबर? तर म्हणते, तुला काय करायचंय? आणि रात्री मला म्हणाली, चुकलं माझं. पंधरा वर्षांत हे वाक्य मी ऐकलेलं नाही. मला भीती वाटतेय हो." तो आत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मला खरं सांगा. तिथे आत नेमकं काय करता तुम्ही?"

बाहेर दोन गिऱ्हाइकं कपडे घेऊन ताटकळत होती. मास्तरांनी त्यांना हाताने थांबायची खूण केली, कारकुनाला स्टूल दिलं आणि मशीन बंद केलं.