शेवट गोपनीय

भालेरावभाऊंनी आयुष्यात शेकडो सिनेमे पाहिले, पण त्यांतला एक सोडला तर एकाचाही शेवट पाहिला नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका रविवारी तीनच्या खेळाला मी नेमका त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. नायक कड्याला लटकलेला, खाली नदी, वर खलनायक त्याच्या बोटांवर बूट रोवून उभा. आख्खं टॉकीज श्वास धरून बसलेलं. भाऊंनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि "जरा पाय घ्या, जरा पाय घ्या" करत सगळी रांग ओलांडून ते बाहेर निघून गेले. डोअरकीपरनं त्यांच्यासाठी दार आधीच उघडून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी म्हणालो, "भाऊ, काल तुम्ही गेलात आणि लगेच तो..."

त्यांनी पंजा वर केला. "सोनवणे, शेवट ही गोपनीय बाब आहे."

आम्ही दोघं नाशिकच्या एका सरकारी कचेरीत होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी येवल्याहून नवाच आलेला, चोवीस वर्षांचा. भाऊ पन्नाशीला टेकलेले, आवक-जावकचे कारकून. कचेरीत आलेलं प्रत्येक पाकीट त्यांच्या हातून फुटायचं आणि गेलेलं प्रत्येक पाकीट त्यांच्या हातून चिकटायचं. 'गोपनीय' हा शिक्का त्यांच्या टेबलावर होता आणि तो शब्द जिभेवर. बायकोनं डब्यात काय दिलंय विचारलं तर "गोपनीय". साहेबांची बदली कुठं होणार, "गोपनीय". वास्तविक त्यांना ते ठाऊक नसायचं, पण ठाऊक नसलेली गोष्टही ते इतक्या निष्ठेनं लपवायचे की समोरच्याला खात्री पटायची.

त्या काळात कचेरीत सिनेमाशिवाय दुसरा विषय नव्हता. मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमचा टायपिस्ट वाघ सुरू व्हायचा. वाघ पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणारा. त्याला सिनेमा बघण्यात जेवढा आनंद नव्हता तेवढा तो दुसऱ्याला सांगण्यात होता, आणि तोही उलटीकडून. "शेवटी ती मरते," इथून तो सुरुवात करायचा. वाघानं तोंड उघडलं की भाऊ भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून उठायचे आणि सायकल स्टँडवर जाऊन जेवायचे. पावसात छत्री धरून जेवलेत.

अखेर त्यांनी एक परिपत्रक काढलं. खरंखुरं, स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून. 'विषय: चित्रपटाच्या शेवटाची वाच्यता न करणेबाबत.' मध्यंतरापर्यंतची हकीकत कोणीही, कोठेही सांगण्यास हरकत नाही. मध्यंतरानंतरची सांगणेपूर्वी उपस्थितांची अनुमती घ्यावी. एका जरी इसमाने चित्रपट पाहिलेला नसेल तर सांगणाराने व ऐकणाराने सायकल स्टँडवर जावे, न पाहिलेल्या इसमास जागेवरून उठवू नये. गाणी गुणगुणण्यास मुभा आहे. चेहऱ्यावरून शेवट सूचित करणे हीदेखील वाच्यता समजण्यात येईल.

हे शेवटचं कलम माझ्यासाठी होतं. माझा चेहरा फार बोलका, असं भाऊंचं मत.

परिपत्रक जेवणाच्या खोलीत चिकटवलं गेलं. वाघानं त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'पण भाऊ, तुम्ही शेवट बघतच नाही, तर तुम्हाला कळला काय आणि नाही कळला काय.' प्रश्न रास्त होता. पण भाऊ उत्तर देईनात. त्यावर कचेरीत निरनिराळे तर्क होते. कोणी म्हणे त्यांना मरणाचे प्रसंग सोसत नाहीत. कोणी म्हणे डोअरकीपरशी ठरलेलं आहे, शेवट सोडला तर तिकीट अर्धं. वाघाचं मत होतं, माणूस बाकी ठीक आहे, एक स्क्रू ढिला आहे.

मी वाघाच्या नादी लागलो, हे कबूल करायला हवं.

त्या वेळी शहरात एक खुनाचा सिनेमा लागला होता. हवेली, जमीनदाराचा खून, संशय सगळ्यांवर. मी आणि वाघानं पहिल्याच दिवशी पाहिला. भाऊ रविवारी जाणार होते. शनिवारी मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'खून दिवाणजीने केला.' ती खाकी पाकिटात घातली, वर टाइपनं कचेरीचा पत्ता मारला आणि टपालाच्या गठ्ठ्यात सरकवून दिली. आणि वाघाच्या टेबलाआड उभा राहून बघत बसलो.

भाऊंनी पाकीट फोडलं. चिठ्ठी वाचली. परत वाचली. मला वाटलं ते उठतील, दोन शिव्या देतील, सगळे हसतील आणि संपेल. त्यांनी काय केलं, आवक नोंदवही ओढली आणि ओळीनं लिहिलं. आवक क्रमांक. दिनांक. प्रेषक: अज्ञात. विषय: दिवाणजी. कार्यवाही: दप्तरी दाखल. मग चिठ्ठीवर 'गोपनीय' शिक्का मारून ती खणात ठेवली आणि पुढचं पाकीट घेतलं. वाघ तोंडावर रुमाल धरून हसत होता. मीही हसलो, पण माझं हसू लवकर संपलं. कारण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं आणि त्या बघण्यात राग नव्हता. तोंडचं काहीतरी कुणी काढून घ्यावं, तसं ते बघत होते.

सोमवारी ते आमच्यात जेवायला आले नाहीत. मंगळवारीही नाही. वाघानं दोनदा मुद्दाम शेवट काढला, तर ते उठलेसुद्धा नाहीत, आपल्या टेबलाशी बसून शांतपणे ऐकत जेवत राहिले. ते मला जास्त लागलं.

असे दोन आठवडे गेले. तिसऱ्या रविवारी मी टॉकीजला गेलो तर डोअरकीपरनं मला थांबवलं. "ते तुमचे साडेपाचवाले साहेब आजारी आहेत काय? दोन रविवार झाले, आलेच नाहीत."

मी तिकीट तसंच खिशात ठेवलं आणि शालिमारच्या स्टॉपवरून नाशिकरोडची बस धरली.

भाऊंचं घर एका वसाहतीत, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. समोर कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढं मोगऱ्याची चार फुलं. खिडकीशी खाट आणि खाटेवर उशीला टेकून एक बाई गोधडी शिवत बसलेल्या. भाऊंच्या पत्नी सुमनताई. कधीतरी आलेल्या तापात त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. कचेरीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊंचा डबा भाऊच करायचे, हेही मला त्या दिवशी कळलं.

"बसा," त्या म्हणाल्या. सुईतला दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुम्हीच का ते दिवाणजी?"

भाऊ आतून हात पुसत आले. मला बघून क्षणभर दारातच थांबले, मग म्हणाले, "सोनवणे, चहा घेणार ना." मी माफी मागायला तोंड उघडलं, पण सुमनताईंनी मला बोलू दिलं नाही. त्यांना सांगायची हौस दांडगी.

"शेजारची शांताबाई रविवारी माझ्यापाशी बसते. सहाच्या सुमारास तिला गजरे विकायला स्टेशनावर जावं लागतं. ती जायच्या आत यांना घरी यायला हवं. म्हणून साडेपाचला उठतात. पहिल्यांदा गेले तेव्हा घरी येऊन मला सगळा सिनेमा सांगितला, गाण्यांसकट. मी म्हटलं, मग पुढं? तर म्हणाले, पुढचं माहीत नाही, बस होती. मला इतकं हसू आलं. म्हटलं, थांबा, मी सांगते."

तेव्हापासून हे चाललं होतं. भाऊ सिनेमा आणायचे आणि त्याला शेवट सुमनताई लावायच्या. सोमवारचे दोन घास खाईपर्यंत पुरवून पुरवून. त्यांच्या शेवटात कोणी मरत नसे. "आपल्याच घरात आणून कशाला मारायचं?" त्या म्हणाल्या. खलनायकाची दूर डोंगरातल्या सुरगाण्याला बदली व्हायची. आंधळ्या आईच्या डोळ्यांचं सरकारी दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं, आणि ते यशस्वीही व्हायचं. नदीत पडलेला नायक तीन गावं खाली बाहेर निघायचा, तिथं त्याला कोणीतरी गरम भाकरी द्यायचं.

"या वेळी जमलं नाही," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी सगळं नेहमीसारखं सांगत होतो. पण दिवाणजी आला की माझा आवाज बदलायचा, सोनवणे. तिसऱ्यांदा तो पाण्याचा पेला घेऊन आला तेव्हा ही हसली. हिला कळलं. मग शेवट काय लावायचा? आणि आता पुढचाही प्रत्येक सिनेमा मी भीत भीतच बघणार. त्यापेक्षा नकोच म्हटलं."

ते पातेलं घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला गेले. त्यांची पावलं लांब गेली तशा सुमनताई पुढं वाकल्या.

"ते येईपर्यंत ऐका. मला सगळेच शेवट माहीत असतात."

मी दाराकडे एकदा बघून घेतलं.

"शांताबाई मधल्या वारी बायकांबरोबर बाराच्या खेळाला जाते आणि दुपारी येऊन मला आख्खा सिनेमा सांगते. गेली सात-आठ वर्षं. कधी कधी तर हे बघायच्या आधी. दिवाणजीचं मला यांच्या आधीच कळलं होतं, म्हणून तर हसू फुटलं. यांना वाटलं, आपल्या आवाजानं घात केला."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगून काय होईल? ते म्हणतील, तुला ठाऊकच असतं तर मी कशाला जाऊ. माझ्यासाठी आणायचं म्हणून जातात हो ते. एरवी कचेरी आणि ही खाट, खाट आणि कचेरी. आठवड्यातले अडीच तास तरी माणसानं माझ्याकडे पाठ करून बसावं." त्यांनी गोधडी गुडघ्यांवर सारखी केली. "तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच नीट करा."

भाऊ दूध घेऊन आले. चहा झाला. मी कप हातात धरून म्हणालो, "भाऊ, ती चिठ्ठी खोटी होती. मी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. वाघानं आणि मी आपलं काहीतरी लिहून दिलं."

"खोटी?"

"खोटी."

"मग खून कुणी..." त्यांनी स्वतःच पंजा वर केला. "नको. सांगू नका."

"सांगणार कसा, पाहिलाच नाही तर."

त्यांनी माझा चेहरा बराच वेळ तपासला. माझा चेहरा बोलका, हे कलम त्यांचंच. मी जमेल तेवढा मठ्ठ चेहरा केला. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे ती नोंद रद्द करावी लागेल," आणि खाटेच्या कडेला बसून पहिल्यापासून सिनेमा सांगायला लागले. पावसातली हवेली, दाराचा करकराट, जमीनदाराचा खोकला, सगळं. दिवाणजी पाणी घेऊन आला तेव्हा त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. साडेपाचपर्यंतचं सांगून झाल्यावर दोघंही सुमनताईंकडे बघत राहिलो.

"खून झालाच नाही," त्या म्हणाल्या. "जमीनदार पिंपळगावला बहिणीकडे गेलेला. घरात सांगायचं विसरला."

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढच्या रविवारी डोअरकीपरनं साडेपाचला त्यांच्यासाठी दार उघडलं.

सुमनताई त्यानंतर आठ-नऊ वर्षं होत्या. त्या गेल्या तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते, भाऊ निवृत्त झाले होते. वर्षभर ते सिनेमाला फिरकले नाहीत. एका रविवारी मीच त्यांना घरून घेऊन गेलो. कुठला सिनेमा होता ते आठवत नाही, सासू-सुनेचा काहीतरी. साडेपाच वाजले तसं त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि पिशवीकडे हात घातला. त्यांचा हात पिशवीवर तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी तो परत मांडीवर घेतला आणि ते समोर बघत बसले.

दिवे लागले, माणसं उठून गेली. भाऊ कोऱ्या पडद्याकडे बघत होते.

"एवढंच असतं होय?" ते म्हणाले.

"एवढंच."

"हिनं याहून बरं केलं असतं."

शालिमारच्या स्टॉपवर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोनवणे, ती शांताबाई सिनेमाला जायची. हिच्यापाशी कधी काही बोलली नसेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "सुमनताईच मला म्हणाल्या होत्या. शांताबाईला त्यांनी ताकीदच दिली होती."

त्यांनी मान हलवली. "तसंच असणार."

नाशिकरोडची बस आली, थांबली, माणसं चढली. भाऊ जागचे हलले नाहीत. कंडक्टरनं दोनदा विचारलं. मी हातानंच नाही म्हणून सांगितलं आणि बस निघून गेली. पुढची अर्ध्या तासानं होती. आम्ही दोघं तिथंच कट्ट्यावर बसलो.