खंडेरावांची निरगाठ

सातपूरच्या गोदाई सोसायटीत सव्वीस जानेवारीच्या कामांची वाटणी करायला चेअरमन खंडेरावांना दोन मिनिटंही लागली नाहीत. झेंडा, खुर्च्या, माईक आणि भाषण पुरुषांकडे. रांगोळी, औक्षण आणि चाळीस माणसांचा उपमा बायकांकडे. तसा कागद त्यांनी नोटीस बोर्डावर लावला, खाली 'आपली संस्कृती, आपला अभिमान' असं लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

यंदा खंडेरावांना एकही चूक परवडणारी नव्हती, कारण प्रमुख पाहुणे होते त्यांचे नवे व्याही. सूनबाई दिशाचे वडील, देवळ्याचे कोंडाजी. फौजेत बावीस वर्षं काढून आलेला माणूस! आता देवळ्याकडे फौजेतून परतलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात, पण खंडेरावांनी ते मनावर घेतलं होतं. त्यात लग्नात मानाच्या टोपीवरून ते या व्याह्यांशी जरा ताठ्यानं वागले होते. व्याही तेव्हा नुसते हसले होते, आणि ते हसू खंडेरावांना अजून खुपत होतं. आज मेजरसाहेबांसमोर झेंडा असा फडकला पाहिजे की त्यांनीच कडक सॅल्यूट ठोकला पाहिजे!

सकाळी सात वाजता ते झेंड्याची घडी घालायला बसले. मधोमध झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, गुंडाळी केली आणि वरून दोरीनं आवळून गाठ मारली. तळमजल्यावरच्या त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून लंकाबाई रवा भाजता भाजता हे बघत होत्या.

"अहो, ती निरगाठ बसली. सुरगाठ मारा, एका झटक्यात सुटंल."

"तू रव्याकडं बघ. झेंडा म्हणजे काय परकराची नाडी हाय का?"

"मी आपलं सांगितलं."

"सांगू नको. सदतीस वर्षं कारखान्यात काढली मी. गाठ मला शिकवते!"

आणि खंडेरावांनी, केवळ बायकोनं टोकलं म्हणून, त्याच गाठीवर आणखी एक गाठ मारली. बायकोचं न ऐकण्यात या माणसाचा हातखंडा होता.

आठच्या ठोक्याला व्याही आले. अंगात कोट, छातीवर दोन पदकं. लंकाबाईंनी ओवाळलं, आणि ओवाळून झाल्यावर नोटीस बोर्डाच्या आज्ञेनुसार त्या पुन्हा कढईपाशी गेल्या. सोसायटीची मंडळी ओळीत उभी राहिली. सेक्रेटरी किशोर माईकवर ओरडला, "सावधान!"

खंडेरावांनी रुबाबात दोरी ओढली. काही झालं नाही.

त्यांनी परत ओढली. खांबाच्या टोकावरचं गाठोडं जरासं हललं, आणि एक पाकळी, फक्त एकच, डुलत डुलत खाली येऊन किशोरच्या टकलावर बसली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"जोर लावा काका," किशोर म्हणाला.

जोर लावला. निरगाठीला जोर लावला की ती काय करते, हे कुणालाही ठाऊक असतं. ती आणखी आवळली. मग खंडेरावांचा मुलगा रोहित दोरीला लोंबकळला, त्याच्यामागून किशोर. तिघांनी मिळून ओढल्यावर खांब वाकायला लागला, पण गाठ काही सुटेना. चाळीस माणसं सलामीचा हात कपाळाला लावून उभी. राष्ट्रगीत सुरू करावं तर झेंडा नाही, आणि हात खाली घ्यावा तर किशोरनं 'विश्राम' म्हटलेलं नाही.

"पप्पा, गुंडाळी खाली घेऊ या ना," रोहित हळूच म्हणाला.

"चढवलेला झेंडा खाली? व्याह्यांसमोर?"

"मग काय तो वरच गुंडाळलेला ठेवायचा?"

शेवटी दोरी सोडून गुंडाळी खाली घ्यावीच लागली. खंडेरावांनी नखं लावली, रोहितनं चावी घालून पाहिली. किशोर धावत जाऊन कात्री घेऊन आला.

"कात्री? झेंड्याला कात्री लावतोस? लाज वाटत नाय?" खंडेराव एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या इमारतीतले लोकही गॅलरीत आले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. सगळ्या सातपुरात आपलं नाक कापलं गेलं, असं त्यांना मनापासून वाटलं. आता एकच आशा उरली होती. त्यांनी हात जोडले.

"मेजरसाहेब, आता तुम्हीच. तुमचा तर रोजचा हात."

कोंडाजी पुढे आले. गाठीकडे बघून त्यांनी मान खाजवली. मग अचानक त्यांनी नाक वर केलं आणि दोनदा हुंगलं.

"व्याही, उपमा लागतोय."

"आं?"

"रवा तळाला धरला. अजून दोन मिनिटं हाय हातात." असं म्हणत मेजरसाहेबांनी कोट काढून किशोरच्या हातात दिला आणि ते तरातरा खंडेरावांच्या घरात शिरले.

आणि त्याच दारातून, इतका वेळ कढई विसरून खिडकीतून गाठीची झटापट बघणाऱ्या लंकाबाई हात पुसत बाहेर आल्या. मागोमाग दिशा. लंकाबाई सरळ गाठीपाशी गेल्या. अंबाड्यातला आकडा काढला, गाठीच्या पोटात घातला, जरा हलवला, आणि गाठ मुकाट सैल झाली. मग त्यांनी पाकळ्या नीट लावल्या, दोरीचा एक पदर दुमडून आत सरकवला आणि गुंडाळी वर चढवली.

"आई, हे कुठं शिकलात?" दिशानं विचारलं.

"माहेरी. वासरू बांधायचे ना मी. धार काढून झाली की ते एका झटक्यात सुटायला पायजे. नायतर दावं सोडेस्तोवर गाय लाथ मारती."

त्यांनी दोरी नवऱ्यापुढे धरली. खंडेरावांनी दोरीकडे पाहिलं, बायकोच्या सुटलेल्या अंबाड्याकडे पाहिलं आणि ते खाकरले.

"तूच ओढ. माझा हात आज बरा नाय."

लंकाबाईंनी दोन बोटांनी दोरी ओढली. झेंडा खाडकन उघडला, पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यावर पडल्या आणि राष्ट्रगीत असं काही दणक्यात झालं की तसं गोदाई सोसायटीत कधी झालं नव्हतं. साठीला टेकलेल्या लंकाबाईंना झेंड्याची दोरी आज पहिल्यांदा हातात मिळाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

आता राहिलं भाषण. खंडेरावांनी चार पानं काढली. विषय, 'आपली संस्कृती आणि स्त्री-पुरुषांची कामे.' घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "पुरुष सीमेवर लढतो आणि स्त्री चूल सांभाळते, म्हणूनच हा देश..."

एवढ्यात दारातून कोंडाजी बाहेर आले. खांद्यावर फडकं, एका हातात उलथनं, मागे मदतीला गेलेला रोहित, वाफाळतं पातेलं धरून.

"वाचवला!" ते आनंदानं म्हणाले. "करपलेला भाग तळाला ठेवून वरचा दुसऱ्या पातेल्यात काढला. चिमूटभर साखर टाकली, वर लिंबू पिळलं."

"मेजरसाहेब, तुम्ही... उपमा?" माईक चालू आहे हे खंडेराव विसरले.

"अहो कसला मेजर! गावची लोकं म्हणतात. मी लंगरात होतो, व्याही. बावीस वर्षं. बर्फात चारशे जवानांना दोन वेळचं गरम खाऊ घातलं. त्या कोटावरची पदकं त्याचीच. लग्नात सांगणार होतो, पण तुम्ही बंदूक कुठली चालवायचात असं विचारलंत, मग म्हटलं कशाला मन मोडा."

खंडेरावांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. उलथनं घेतलेल्या फौजीकडे पाहिलं, मग झेंड्याच्या खांबाशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. चारही पानांची घडी घालून त्यांनी खिशात टाकली, "जय हिंद" म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या कुठल्याच भाषणाला इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. पुढे होऊन त्यांनी व्याह्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि उपमा मात्र दोनदा मागून घेतला.

पाहुणे देवळ्याला निघून गेले. दुपारी घरात सामसूम झाल्यावर खंडेरावांनी दार लोटून घेतलं आणि दोरीचा एक तुकडा घेऊन ते लंकाबाईंच्या शेजारी बसले.

"ती सुरगाठ... एकदा दाखव बरं. पंधरा ऑगस्टला लागंल."

लंकाबाई पाय पसरून पडल्या होत्या. त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"दाखवते. आधी दोन कप चहा टाका."

खंडेराव उठले. स्वयंपाकघरात बराच वेळ डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज येत राहिले. मग पडेल आवाजात प्रश्न आला,

"अगं, साखर कुठं असती आपल्याकडं?"

"व्याह्यांना फोन लावा," लंकाबाई कूस बदलत म्हणाल्या. "त्यांना सापडली होती."