सायलेन्सर फाटल्यापासून लोक हात करतात

काकांची गाडी पाहायला अख्खी गल्ली बाहेर येऊ लागली, तेव्हा काकांना वाटलं, चला, उशिरा का होईना, लोकांना कदर कळली.

गाडी होतीच तशी. काकांच्या वडिलांनी घेतलेली, लांबच लांब, चामड्याच्या गाद्यांची, पुढे चांदीसारखी जाळी. काकू गेल्यापासून शेजारची गादी रिकामी असे. रोज संध्याकाळी काका कोट चढवून गल्लीत एक फेरी मारत आणि परत येत. पुढे जावं असं कुणाचं घर उरलं नव्हतं. मुलगा दूर, आणि फोनवर कायम घाईत.

आता मात्र फेरी निघाली की गॅलऱ्या भरत. कुणी जोरजोरात हात हलवी. काका मान झुकवून स्वीकार करत. एका बाईंनी तर दोन्ही हात जोडले. काकांना भरून आलं.

(इथे आवाज आहे. काकांना सोडून सगळ्यांना.)

सायलेन्सर फाटला होता. गाडी रणगाड्यासारखी गरजत होती. काकांचे कान गेले होते, आणि ही बातमी फक्त काकांपर्यंत पोचायची राहिली होती.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी चौघांना घेऊन तक्रार करायला गेले. दारात एवढी माणसं पाहून काका असे हरखले की विचारू नका. ठेवणीतले कप निघाले, चहा झाला, काकूंचा फोटो झाला, एकेकाला गाडीत बसवून झालं. सेक्रेटरींनी विषय काढण्यासाठी दोनदा घसा खाकरला. काकांनी त्यांना खोकल्याच्या गोळ्या दिल्या.

जिन्यात कुणीतरी म्हणालं, "उद्या तुम्ही एकटेच जाऊन बोला."

"मी कसा बोलू? मला त्यांनी बिस्किटं बांधून दिलीयत हो."

मग ठरलं, परस्पर मिस्त्रीच पाठवायचा. असल्या जुन्या गाड्यांचे सायलेन्सर बघणारा एकच मिस्त्री उरला होता, तोही गावाबाहेर, तासाभराच्या अंतरावर. तो आला, गाडीखाली शिरला, लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं. गंज तोंडावर पडला. मग गाडी चालू करायला सांगून त्याने धुराच्या नळीच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरलं. धड सायलेन्सर असता तर गाडी गुदमरून बंद पडली असती. ही मजेत चालू राहिली. धूर भलत्याच भोकांतून निघत होता.

जन्म इंजिनांशेजारी गेल्यामुळे मिस्त्री साधं बोलायचा तेही ओरडून. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच काकांना समोरच्याचं प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

"आतून कुजलाय. थोडंसं फिरवून परत आणता ना? नळीत पाणी साठतं. गाडी चांगली तापल्याशिवाय ते वाळत नाही. रोज तासभर लांब न्या. गल्लीतल्या गल्लीत फिरून गाडी मरते, काका."

"पण लोक किती कौतुकानं हात करतात."

मिस्त्रीने फडकं पिळलं. "ते 'बंद करा' म्हणतायत."

काका बराच वेळ पुढची जाळी पुसत राहिले. ती स्वच्छच होती.

नवा सायलेन्सर बसला. काका फेरीला निघाले.

(इथे आवाज होता.)

गॅलऱ्यांत फक्त कपडे वाळत होते. गल्लीच्या टोकाला काकांनी सवयीने गाडी वळवायला घेतली, थांबले, आणि चाक सरळ केलं. तासभर लांब जायचं होतं. तासाभराच्या अंतरावर काका एकाच माणसाला ओळखत होते.

मिस्त्री दारासमोर पाय पसरून एकटाच बसला होता. गाडी पाहून उठला. "काय झालं? बिघडली परत?"

"पाणी वाळलं का, बघ जरा."

मिस्त्री वाकला. नळीत फडकं घालून फिरवलं, बाहेर काढलं. ठणठणीत कोरडं. ते त्याने उजेडात धरून बराच वेळ निरखलं.

"थोडं ओलसर आहे," तो ओरडला. "उद्या परत आणा. आणि आता बसा, तापलेली गाडी लगेच न्यायची नसते."