डाव्या सीटवरच्या सासूबाई

"टॅक्सी? घरात अशी गाडी असताना माझ्या सासूबाई टॅक्सीनं येणार?" सकाळी चहा पिता पिता चष्मेवाला बोलून गेला आणि तिथेच फसला. बोलताना त्याच्या आवाजाला जी धार होती, ती त्याच्या दुकानात कधी कुणी ऐकली नव्हती.

दुकानात तो अगदी मवाळ माणूस. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची, "हे बरं दिसतंय की हे?" असं विचारायचं, आणि गिऱ्हाईक "परत दाखवा" म्हणालं की परत दाखवायचं. दुसऱ्यांना काय बरं दिसतं ते विचारण्यात सगळा जन्म गेला. त्याला स्वतःला एकच गोष्ट मनापासून बरी दिसली, ती म्हणजे जपानहून बोटीतून आलेली, दोन दारांची, कॉलेजात जाऊ शकेल एवढ्या वयाची टर्बो गाडी. ती त्यानं कुणालाही न विचारता घेतली, आणि त्या एका बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

घेतली ती घेतली, वर तिला हात लावायला सुरुवात केली. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या, त्यामुळे गाडी जमिनीला टेकायला आली. सायलेन्सर बदलला, त्यामुळे तो येतोय हे तो यायच्या आधीच सगळ्या इमारतीला कळायला लागलं. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढून टाकली. स्वतःचं पोट मात्र जागच्या जागी ठेवलं. पुढच्या मऊ सीटा कुणाला तरी देऊन टाकल्या आणि शर्यतीच्या गाडीत असतात तशा, माणसाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या खोल सीटा बसवल्या. एकेक वस्तू जपानमधल्या कुणा अनोळखी माणसाच्या गोदामातून यायची, आणि ती येईपर्यंत गाडी आजाऱ्यासारखी पांघरूण घेऊन पडून असायची. गाडी सुरू केली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी म्हणायची. "स्वागत करते आपलं," असं चष्मेवाला छातीठोकपणे सांगायचा. ती "मला माझ्या घरी सोडा" म्हणत असणार, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

बायको एका शाळेची मुख्याध्यापिका. तिची स्वतःची शहाणी, पांढरी, पाच माणसांची गाडी नेमकी गॅरेजमध्ये गेली होती आणि आज तिच्या आईला हॉस्पिटलमधून सोडणार होते. म्हणून टॅक्सीचा विषय निघाला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आणा आईला तुमच्या गाडीतून. आई धडपणे घरात येऊन बसली, तर मी या गाडीबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेहुणा गाडी बघायला येतोय. त्याला किल्ली द्यायची."

"म्हणजे तू आणि सेक्रेटरींनी मिळून गिऱ्हाईक शोधलंत?"

"अख्ख्या इमारतीनं मिळून शोधलंय."

चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघच तू. राणीसारख्या आणतो त्यांना," तो म्हणाला आणि अर्धा चहा तसाच टाकून खाली उतरला.

सासूबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. त्यांच्या काळात वॉर्डातल्या नर्सच काय, मोठमोठे सर्जनही त्यांच्यापुढे आवाज खाली ठेवत. दिवा बदलायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या, त्यामुळे आता पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. हॉस्पिटलच्या दारात त्यांनी चाकाच्या खुर्चीतून गाडीकडे पाहिलं.

"जावईबापू, बाकीची गाडी कुठंय?"

"एवढीच आहे, आई."

दोन वॉर्डबॉयनी त्यांना धरून खाली सोडायला सुरुवात केली. "खाली... अजून खाली... अजून?" असं करत करत त्या एकदाच्या सीटच्या तळाशी पोचल्या. प्लास्टरचा पाय पुढच्या पोकळीत सरळ लांब गेला. पाय वाकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या गाडीत तो वाकवायची सोयच नव्हती. चष्मेवाल्यानं ही गोष्ट लगेच हिशेबात जमा केली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सासूबाईंचा वॉकर मात्र कुठेच मावेना. शेवटी तो त्यानं गाडीच्या शेपटावर बसवलेल्या पंखाला दोरीनं बांधला. तो पंख बसवल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होता.

वाटेत सासूबाई सीटच्या तळाशी ताठ बसून होत्या. डोळे गच्च मिटलेले, ओठ आवळलेले, हात मांडीवर. प्रत्येक गतिरोधकापाशी चष्मेवाला गाडी तिरकी करून एकेक चाक चढवत होता, आणि तरी खालून खर्रकन आवाज यायचाच. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण झाले, वॉकर बघून गप्प झाले. पुलावर रस्ता मोकळा मिळाला तेव्हा त्याच्या पायाला राहवलं नाही. गाडीनं श्वास ओढला, शीळ घातली आणि सुसाट निघाली.

"हा शिट्टीसारखा आवाज कसला?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"टर्बो, आई. दुखतंय का तुम्हाला?"

"पुढे बघा."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाई कळ सोसताहेत आणि आता घरी गेल्यावर लेकीपुढे सगळं बाहेर काढणार, अशी त्याची खात्री झाली.

इमारतीच्या आवारात त्यानं गाडी लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि वॉकर सोडायला मागे गेला. इंजिन मात्र चालूच राहिलं. तापलेला टर्बो एकदम थांबवला तर बिघडतो, म्हणून त्यानं असं यंत्र बसवून घेतलं होतं की किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू राहावं आणि मग आपोआप बंद व्हावं. हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, सेक्रेटरींना तर नाहीच. आवाज ऐकून ते वॉचमनला घेऊन तरातरा आले.

"चष्मेवाले, गाडी बंद करा!"

"बंदच आहे."

"मग हे काय कोकलतंय?"

"ती गार होतेय. ही बघा किल्ली, माझ्या हातात आहे."

"मला वेड्यात काढता? आत म्हातारी बाई कोंडून वर गाडी चालू ठेवता? मी सांगतो, बंद! आत्ताच्या आत्ता!" असं ओरडून त्यांनी टपावर थाप मारली. नेमक्या त्याच क्षणी यंत्राची वेळ संपली आणि इंजिन बंद पडलं. सेक्रेटरींनी वॉचमनकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याला टाळ्या वाजवाव्यात की काय तेच कळेना.

खरं संकट त्यानंतर आलं. सासूबाईंना बाहेर काढता येईना. पाय वाकत नव्हता, सीट इतकी खोल की दोन्ही बाजूंच्या कडा मध्ये येत होत्या, आणि धरायला जागा नव्हती. चष्मेवाल्यानं दंड धरून ओढलं, वॉचमननं पाठीमागून रेटलं. दोघांचीही कंबर धरली आणि सासूबाई होत्या तिथेच राहिल्या.

"दोरी आणू का, साहेब?" वॉचमननं विचारलं.

"मी बादली आहे का रे?" आतून आवाज आला. वॉचमन दोन पावलं मागे सरला.

"अग्निशामक दलाला बोलवू या. ते पत्रा कापून काढतात," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण पत्रा हा शब्द उच्चारताना ती जरा कमी झाली.

"माझ्या गाडीला कटर लावायचा असेल तर आधी मला कापा!" चष्मेवाला गरजला. आयुष्यभर "हे की हे?" विचारणारा हा माणूस गाडीच्या दारात हात पसरून उभा राहिला. मग त्याला सुचलं ते अशाच माणसाला सुचू शकतं, ज्यानं ती सीट स्वतःच्या हातांनी कितीदा काढघाल केली आहे. सासूबाई सीटमधून निघत नाहीत ना? मग सीट गाडीतून काढायची.

तो पान्हा घेऊन मागच्या मोकळ्या जागेत पालथा पडला. मागचे बोल्ट निघाले. पुढच्यासाठी त्याला प्लास्टरखाली डोकं घालावं लागलं. "डावीकडचा घट्ट आहे वाटतं," वरून सासूबाई म्हणाल्या. "जोर लावा. घाबरू नका, हा पाय आता कशालाच भीत नाही."

बोल्ट सुटले, आणि सासूबाई सीटसकट बाहेर आल्या. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला वॉचमन, आणि पुढे आलेल्या प्लास्टरच्या पायाखाली, दुसरं कुणीच नव्हतं म्हणून, सेक्रेटरी. लिफ्टमध्ये पाय मावेना. दार मिटत यायचं, टाचेला लागायचं आणि पुन्हा उघडायचं. शेवटी सीट मागे कलती केली. सासूबाई छताकडे बघत पडल्या, पाय वर गेला, आणि सेक्रेटरी प्लास्टरची टाच खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत भिंतीला चिकटून उभे राहिले.

बायको शाळेतून आली तेव्हा हॉलच्या मधोमध, टीव्हीसमोर, शर्यतीची लाल सीट मांडलेली होती आणि तिच्यात तिची आई विराजमान होती.

"हे काय आहे?"

"आई धडपणे घरात येऊन बसल्यात," चष्मेवाला ताठ मानेनं म्हणाला. "ठरलं होतं तसं."

"याला येऊन बसणं म्हणत नाहीत. याला सामान चढवणं म्हणतात. किल्ली काढा."

मुख्याध्यापिकेनं एकदा नापास केलं की संपलं. त्यानं खिशात हात घातला. किल्ली हाताला लागली आणि तो अगदी रडायच्या बेतात आला. इतक्यात सेक्रेटरी मेहुण्याला घेऊन हजर झाले. मेहुणा खाली गाडी बघून आला होता आणि खूश होता.

"झकास ठेवलीये हो," तो म्हणाला. "फक्त डावी सीट दिसली नाही."

"वर आहे," चष्मेवाला म्हणाला.

"मग आणा की खाली."

चष्मेवाल्यानं नुसतं हॉलकडे बोट केलं. मेहुण्यानं सासूबाईंना नमस्कार केला.

"आई, ऊठ," बायको म्हणाली. "आपण तुला पलंगावर नेऊ."

"मी उठणार नाही."

"आई!"

"या सीटनं माझी कंबर कशी नीट धरून ठेवलीये. पडल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. ज्याला सीट हवी, त्यानं मला उचलून दाखवावं."

मेहुण्यानं गाडीत दुसरी सीट बसवायची तयारी दाखवली. तशी सीट इथे मिळत नाही, जपानच्या गोदामात शोधावी लागते आणि मग बोटीची वाट बघावी लागते, हे चष्मेवाल्यानं त्याला मोठ्या प्रेमानं आणि सविस्तर समजावलं. बोट हा शब्द ऐकून मेहुणा उठला. "आजींचं प्लास्टर निघालं की कळवा," असं म्हणून तो गेला. सेक्रेटरी त्याच्या मागोमाग समजूत घालत गेले, आणि बायको दाणदाण पावलं टाकत स्वयंपाकघरात.

हॉलमध्ये दोघंच उरले. सासूबाईंनी बोटानं जावयाला जवळ बोलावलं.

"प्लास्टर काय, निघेल महिन्या-दीड महिन्यात," त्या हळूच म्हणाल्या. "कंबर मात्र त्याहून पुष्कळ जास्त धरणार आहे. मेट्रन होते मी. दुखणं किती लांबवता येतं ते मला बरोबर कळतं."

चष्मेवाला सीटशेजारी उकिडवा बसला. "पण आई, तुम्ही तर वाटेत डोळे मिटून... मला वाटलं तुम्हाला त्रास होतोय."

"तुमच्या सासऱ्यांनी जन्मभर गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे नेली नाही. मी म्हणायचे, जाऊ द्या जरा जोरात, तर म्हणायचे, घाई कसली आहे?" त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं. "पुलावर डोळे उघडले असते ना, तर मी ओरडले असते. आनंदानं. या वयात शोभलं नसतं."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या गाडीला 'बरी' म्हणणारं घरातलं माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटलं होतं, आणि तेही थेट हायकोर्ट.

"रविवारी परत जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "त्या पुलावरून. या खेपेला शीळ जरा जास्त वेळ वाजू द्या."

"पण सीट तर इथे..."

"मला हिच्यातच बसवून खाली न्यायचं, तिथे बोल्ट लावायचे, फेरी झाली की काढून परत वर. आज जमलं ना?"

"आज तिघं होतो, आई."

तेवढ्यात मेहुण्याला फाटकापर्यंत सोडून सेक्रेटरी परत आले. हॉलमध्ये असं सामान ठेवण्याबद्दल इमारतीचे काय नियम आहेत ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं.

"या, बरं झालं आलात," सासूबाईंनी त्यांना वॉर्डातल्या आवाजात थांबवलं. "रविवारी सकाळी नाश्ता लवकर उरकून घ्या. पायाकडची बाजू तुम्हाला चांगली जमते."

"हो, मॅडम," सेक्रेटरी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते आठवत दारातच उभे राहिले.