पाइपाला टेकू नये

आमच्या देशाची नैतिक भूमिका रोज सकाळी साडेदहाला ठरते. त्याआधी ठरवता येत नाही, कारण खरेदी विभागाचे साहेब साडेदहाशिवाय जागेवर येत नाहीत. ते आले, त्यांनी कोट खुंटीला लावला, की मी फोन करतो आणि विचारतो, "आज कोणाकडून काय घेतोय?" ते वाचून दाखवतात. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याचं वागणं मग मला फार खटकू लागतं.

मी परराष्ट्र खात्यात नैतिकता कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात मी एकटाच असल्यामुळे प्रमुखपदासाठी फारशी चुरस झाली नाही. जगात कुठे काही वाईट घडलं, की आपल्या देशाला त्याबद्दल काय वाटतं हे मी लिहितो. वाटण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी नोंद घ्यायची, मग लक्ष ठेवून असायचं, मग चिंता, मग तीव्र चिंता आणि सगळ्यात वर निषेध. निषेध पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्यांसारखा कपाटातच असतो. मागे एकदा मात्र आम्ही दूरच्या एका बेटाचा कडाडून निषेध केला होता. त्या बेटाकडे विकण्यासारखं मीठसुद्धा नव्हतं. मसुदा इतका फक्कड उतरला, की मी तो घरी बायकोला वाचून दाखवला.

"त्या बेटाने काय घोडं मारलंय तुमचं?" तिने विचारलं.

ते मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं. चौकशी करायची राहून गेली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या थोरल्या शेजाऱ्याने धाकट्या शेजाऱ्याच्या हद्दीत रणगाडे घातले. थोरला म्हणजे मोठा देश. आमच्या घराघरांतल्या उबेच्या शेगड्या त्याच्या गॅसवर पेटतात. धाकटा म्हणजे मधला छोटा देश. गॅसचा पाइप त्याच्या शेतांमधून आमच्याकडे येतो, आणि माझी ताई त्याच देशात दिलेली आहे. ताई माझ्याहून मोठी. लहानपणी कोणी माझी खोडी काढली, तर ती आधी दोन ठेवून द्यायची आणि चौकशी मागाहून करायची. आमच्या खात्यात तिचा निभाव लागला नसता.

तिचा फोन आला तेव्हा मी नुकताच ऑफिसात शिरत होतो.

"अरे, इथे युद्ध सुरू झालंय!" ती ओरडत होती. मागे काहीतरी कोसळल्याचा आवाज आला.

"ताई, हळू. युद्ध म्हणू नकोस. अजून साडेदहा वाजले नाहीत."

साडेदहाला खरेदीवाल्या साहेबांनी सांगितलं, "थोरल्याकडून गॅस. अख्खा हिवाळा. भाव झकास लागलाय." झालं. मी कागद ओढला आणि लिहिलं, की धाकट्या शेजाऱ्याकडे परिस्थिती निर्माण झाल्याची आम्ही नोंद घेतली आहे, आणि सर्व संबंधितांनी संयम पाळावा. सचिवसाहेबांनी ते वाचलं आणि मान डोलावली. "परिस्थिती! वा! यात कोणाला दुखावण्यासारखं काहीच नाही," ते म्हणाले.

आता माझ्याच कर्माची गंमत ऐका. सरहद्दीच्या फाटकाचा नियमही पूर्वी मीच लिहिला होता. त्यात म्हटलं होतं, की युद्धातून जीव घेऊन येणाऱ्याला आमचं दार सदैव उघडं राहील. परिस्थितीतून येणाऱ्याने मात्र परतीचं तिकीट आणि आपलं घर राहण्याजोगं असल्याचा तिथल्या पोलीस ठाण्याचा दाखला आणावा. या नियमाचं तेव्हा फार कौतुक झालं होतं. दुसरं वाक्य मी खरं तर परिच्छेद आखूड वाटत होता म्हणून घातलं होतं.

ताई आणि भावोजी फाटकाशी पोचले. भावोजींना दम्याचा त्रास; थंडीत त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजतो. फाटकावरच्या शिपायाने नियम काढून दाखवला. ताईने पुन्हा मला फोन लावला.

"दाखला कुठून आणू रे? ठाणंच पडलंय."

"मग ठाणं पडल्याचं ठाण्याकडून लेखी आण."

पलीकडून भावोजींच्या श्वासाची शिट्टी ऐकू आली.

"तू काय बोलतोयस ते कळतंय का तुला?"

"ताई, मी ऑफिसातून बोलतोय गं."

"बरं," ती म्हणाली. "तुमचं ते निवेदन ऐकलं रेडिओवर. सांग तुझ्या साहेबांना, आम्ही संयम पाळतोय. आमच्याकडे आता तेवढंच उरलंय."

मग ते दोघं पाइपापाशी गेले. त्या देशात सगळीकडे गोळे पडत होते, पण पाइपाच्या आसपास थोरल्याने एक साधा खडाही पडू दिला नव्हता. धंदा म्हणजे धंदा. लोकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. गावंच्या गावं अंथरुणं घेऊन आली आणि आमच्या पाइपाला पाठ टेकून झोपू लागली. देशभरात तेवढी एकच सुरक्षित जागा होती आणि ती आमच्या मालकीची होती. हे ऐकून मला जरा अभिमानही वाटला.

घरी बायकोने माझी बिनपाण्याने केली. "वन्सं उघड्यावर, भावोजींना श्वास घेता येईना, आणि तुम्ही शब्द तोलत बसलात? एक शब्द बदलायचा तर हात मोडतो का?"

माझ्यातलाही भाऊ जागा झाला. दुसऱ्या दिवशी मी ताठ मानेने सचिवसाहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, परिस्थितीच्या जागी युद्ध करावं म्हणतो. माझी सख्खी बहीण तिथे आहे."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "अरेरे! म्हणजे तुमचा यात हितसंबंध आहे. नैतिकतेच्या कामात हितसंबंध आणायचे नसतात हो."

"आणि गॅस, साहेब?"

"तो राष्ट्रीय हितसंबंध. तो चालतो." मग त्यांनाच माझी दया आली. "असं करा, लोकांना विचारा. लोक तयार असतील, तर मला काय, मी उद्या युद्ध लिहायला मोकळा आहे."

आम्ही लोकांना विचारलं. प्रश्न दोनच होते. थोरला करतोय ते चूक आहे का, हा पहिला. झाडून सगळे म्हणाले, चूक आहे. कित्येकांनी समासात थोरल्याचा उद्धार करून वर स्वतःचा नाव-पत्ताही लिहिला होता. वाचताना माझा ऊर भरून आला. आपला देश आतून किती नैतिक आहे, असं वाटलं. दुसरा प्रश्न होता, की थोरल्याने रागावून गॅस कमी केला तर संध्याकाळी तासभर शेगडी बंद ठेवाल का? याच्या उत्तराची जागा लोकांनी कोरी सोडली होती. एका सद्गृहस्थांनी तेवढं लिहिलं होतं, "पहिला प्रश्न छान आहे, तोच ठेवा." तो कागद मीही भरला होता. मी काय लिहिलं ते गोपनीय आहे.

त्याच आठवड्यात खरेदीवाल्या साहेबांनी आपण होऊन मला फोन केला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"अहो, ती तुमची नैतिकता कुठे आहे? जरा इकडे पाठवा."

"काय झालं साहेब?"

"अनर्थ चाललाय! माणसं पाइपाला टेकून झोपताहेत. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळी. वर पाइपावर कपडे वाळत घातलेत! उद्या काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"म्हाताऱ्यांना?"

"पाइपाला हो!"

मी लिहायला बसलो. नोंद, लक्ष आणि साधी चिंता या पायऱ्या ओलांडून थेट तीव्र चिंतेवर गेलो. एका निष्पाप, निःशस्त्र पाइपावर चाललेला हा भार तातडीने थांबावा, असं लिहिलं. इतकं कळवळून माझ्या हातून कैक वर्षांत लिहिलं गेलं नव्हतं. ताई तिथेच आहे हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ते वैयक्तिक झालं, आणि वैयक्तिक काही आणू नका, असं साहेबांनी बजावलंच होतं.

आजवर माझी निवेदनं कोणी मनावर घेतली नव्हती. त्या बेटाने तर पोचसुद्धा दिली नाही. या वेळी मात्र थोरल्याने मित्रदेशाच्या भावनांचा आदर राखून संध्याकाळच्या आत सगळी माणसं पाइपापासून हुसकून लावली आणि जागोजागी पाट्या ठोकल्या: "पाइपाला टेकू नये." सचिवसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "पाहिलंत? लोक उगीच म्हणतात, जगात नैतिकतेला किंमत राहिली नाही," ते म्हणाले.

आणि परवा संध्याकाळी ताई दारात उभी राहिली.

पाइपाला कुठे पोचा आला आहे का, हे बघायला आमच्याकडून एक मिस्त्री गेला होता. त्याची गाडी फाटकावर कोणी अडवत नाही. गॅसच्या गाडीला दाखला लागत नाही. पाइपापासून हुसकलेले ताई-भावोजी पुन्हा फाटकाशी येऊन थांबले होते, आणि गाडीत एक जागा रिकामी होती. भावोजी ताईला म्हणाले, "तू जा. तुझा भाऊ मोठ्या हुद्द्यावर आहे. समोर जाऊन बसलीस की एक शब्द लिहील. मी फाटकाशी थांबतो."

 हे सांगून ताईने खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात शेगडी मजेत पेटली होती.

"ही त्याच गॅसवर चालते ना?"

"हो."

ताई उठली आणि तिने शेगडीचा कान पिळून ती बंद केली. "हं. लिही आता."

मी लिहिलं. माझ्या बहिणीची शपथ, मी लिहिलं. "धाकट्या शेजाऱ्याकडे जे चाललं आहे ते युद्ध आहे." अक्षर सुंदर आलं होतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी हा कागद माझ्या सहीने थेट वर्तमानपत्रांकडे गेला असता, तर फाटकावरच्या शिपायाला भावोजींना आत घ्यावंच लागलं असतं. फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात खोली गारठली. आधी पाय गार पडले, मग बोटं आखडली. आता थरथरती सही सरकारी कागदावर कशी चालायची? म्हणून केवळ बोटं शेकण्यापुरती मी शेगडी लावली.  बायकोने आपली खुर्ची हळूच पुढे ओढली.

ऊब आली की माणसाला दोन्ही बाजू दिसू लागतात. मला वाटलं, नुसतं युद्ध फार उघडंबोडकं दिसतंय. म्हणून मी "युद्धसदृश परिस्थिती" केलं. मग वाटलं, एवढा लांबलचक शब्द लोकांच्या लक्षात राहायचा नाही. म्हणून त्यातलं "युद्धसदृश" खोडलं. सही छान ठसठशीत आली.

ताईने तो कागद वाचला. मला वाटलं, लहानपणी दुसऱ्यांना द्यायची तशी मलाही आता एक ठेवून देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने खुंटीवरचा माझा लोकरी कोट काढला, हातावर टाकला आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस गं?"

"फाटकाशी. त्यांना थंडी वाजत असेल."

ती पायऱ्या उतरू लागली. दार उघडंच राहिलं होतं. मला खूप काही बोलायचं होतं. माफी मागायची होती, थांब म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच.

"ताई, दार लावून घे गं. ऊब जातेय."

आता तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा! शी! म्हणा, अवश्य म्हणा, निषेधच करा. मी त्याची रीतसर नोंद घेईन. फक्त निषेध करताना तुमच्या खोलीतली शेगडी चालू होती की बंद, तेवढं सोबत कळवा. उत्तराची जागा कोरी सोडलीत तरी चालेल.